उपाशी वाफा

तिसऱ्या पट्ट्यातला चौथा वाफा हिरवागार होता, आणि तो हिरवा असायला नको होता.

सकाळचे आठ वाजले होते. झिमझिम थांबत थांबत पडत होती, तांबड्या चिखलानं चपला जड झाल्या होत्या आणि मी बांधावर खिळल्यासारखा उभा होतो. वाफ्याच्या तोंडाशी रोवलेल्या पाटीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘स्फुरद : शून्य’. म्हणजे या वाफ्यातल्या मक्याला फॉस्फरसचं खत कणभरही द्यायचं नव्हतं. अठ्ठावीस दिवसांत तो खुरटायला हवा होता, त्याच्या पानांच्या कडा जांभळ्या पडायला हव्या होत्या. पहिल्या पट्ट्यातला शून्याचा वाफा तसाच होता, जांभळा आणि केविलवाणा. दुसऱ्यातलाही तसाच. हा तिसरा मात्र चांगला गुडघ्याच्या वर येऊन वाऱ्यावर डुलत होता.

अकरा वाजता माईणकर सर येणार होते, बाहेरच्या विद्यापीठातले दोन परीक्षक घेऊन.

तेव्हा मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आजऱ्याच्या अलीकडे जांभ्याच्या माळावर एक लहानसं संशोधन केंद्र होतं, तिथं माझा प्रयोग चालला होता. प्रयोग सांगायला अगदी सोपा. आमच्याकडच्या तांबड्या मातीत लोह फार. स्फुरदाचं खत वरून फेकून दिलं की ती माती ते गिळून बसते, पिकाच्या मुळाला काही मिळू देत नाही. शेतकरी पोत्यामागून पोतं फेकतो आणि मका आहे तिथंच राहतो. माझं म्हणणं असं होतं, की निम्मंच खत घ्या, पण बियाण्याच्या चार बोटं बाजूला आणि दोन बोटं खोल द्या, पीक तेवढंच येईल. हे सिद्ध करायला सहा प्रकारांचे सहा वाफे एका पट्ट्यात, आणि असे तीन पट्टे. अठरा वाफे. तीनही पट्ट्यांत जे दिसेल तेच खरं धरायचं. त्यातला एक पट्टा बिघडला की उरलेल्या दोघांची साक्ष कुणी मानत नाही.

पहिल्या वर्षीचा मका गव्यांनी एका रात्रीत साफ केला होता. हे दुसरं वर्ष होतं आणि तिसरं मिळणार नव्हतं.

बारा दिवस मी हिवतापानं घरी पडून होतो. आदल्या संध्याकाळी शेवटच्या एसटीनं आलो आणि सकाळी उठून पहिल्यांदा शेतावर गेलो, तर हे दर्शन. आधी वाटलं, तापाची गुंगी असेल. खाली बसून पान चोळून पाहिलं. पान चांगलं जाड, गडद हिरवं होतं. या वाफ्याला कुणीतरी जेवू घातलं होतं.

कुणी, ते मला लगेच कळलं. कारण त्या पट्ट्यात मक्याचं बी टोकलं गेलं तेव्हा मी तिथं नव्हतो.

आता हे सांगायलाच हवं. माईणकर सरांचा एक नियम होता. पेरणीच्या दिवशी विद्यार्थ्यानं शेत सोडायचं नाही. पाऊस पडो, ऊन पडो, घरून तार येवो. माझ्या आधीच्या वर्षीचा त्यांचा एक विद्यार्थी पेरणी चालू असताना एसटी स्टँडवर वर्तमानपत्र वाचताना सापडला. सरांनी त्याला रागावून एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव कमी झालं. तो पुढं निपाणीला खताच्या दुकानात बसायला लागला, आणि आम्ही सगळे त्याची गोष्ट एकमेकांना दबक्या आवाजात सांगायचो.

टोकणीच्या दिवशी मी पहाटेपासून उभा होतो. ओळीगणिक खताच्या पुड्या मोजून, बांधून, नंबर घालून ठेवल्या होत्या. पहिल्या दोन पट्ट्यांची एकेक पुडी माझ्या डोळ्यांसमोर उघडली गेली. दुपारचे दोन वाजले तेव्हा माझ्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. मजूर बायकांची म्होरकी हौसाक्का. पन्नाशीची, काटक, कपाळावर मोठं गोंदण. ती माझ्याकडं बघून म्हणाली, “सायेब, त्वांड बगा कसं झालंय तुमचं. जावा, कायतरी खाऊन या. आमी लावतो की ह्यो पट्टा, पुड्या हायतच.” मी नाही म्हणालो. तिनं पुन्हा सांगितलं. मग मी गेलो.

फाट्यावरच्या हॉटेलात कांदाभजी नुकती तळून काढत होते. एक प्लेट खाल्ली, मग दुसरी. चहा घेतला. पंचायत समितीतला एक ओळखीचा भेटला, त्याच्याशी गप्पा झाल्या. परत आलो तेव्हा दीड तास उलटून गेला होता आणि तिसरा पट्टा नीटनेटका टोकून झाला होता. मी खूश होऊन हौसाक्काला शाबासकी दिली. तिच्यासह पाची बायका अजून उपाशी होत्या, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

साडेआठला बायका तण काढायला, भांगलणीला आल्या. मी हौसाक्काला बाजूला बोलावलं आणि त्या वाफ्यापाशी नेऊन विचारलं, “हौसाक्का, यात काय टाकलंत?”

“सुपर,” ती म्हणाली. सुपर फॉस्फेटला तिकडं सगळे सुपरच म्हणतात. अगदी सरळपणे म्हणाली.

मी म्हणालो, याला काही द्यायचं नव्हतं, तुम्हाला मी तीनदा सांगितलं होतं.

“सांगिटलं हुतं की,” ती म्हणाली. मग तिनं हातातलं खुरपं दुसऱ्या हातात घेतलं. “पर सायेब, अठरा वाफ्यांची पंगत बसल्याली. शेजारच्याला भरभरून वाढायचं आनि ह्येच्या म्होरं नुसतं पान मांडून ठिवायचं, ह्ये माज्यानं न्हाई झालं. पैल्या दोन पट्ट्यांला तुमी उबा हुतासा, म्हणून गप बसलो. तवाबी जीव तुटत हुता.”

गावच्या जत्रेत पंगतीला वाढायला हौसाक्का लागायचीच, हे मी ऐकून होतो. कुणाच्या पानात एक पळी जास्त नाही, कुणाच्यात कमी नाही. पंक्तिप्रपंच करणाऱ्याचं तोंड बघू नये असं मानणारी ती बाई, आणि मी तिच्याकडून दोन वर्षं नेमकं तेच करून घेत होतो.

पण त्या वेळी मला हे काही सुचलं नव्हतं. मला फक्त घड्याळ दिसत होतं. पुड्या तर मोजून दिल्या होत्या, मग याच्यासाठी खत आणलंत कुठून, असं मी विचारलं.

“ज्येंच्या पुडीत लई हुतं, त्येंच्यातनं एकेक मूठ काढली. मग ह्येला बीगणिक चिमूट चिमूट घातली. जास्त न्हाई घातलं.”

एक वाफा नव्हे, अख्ख्या पट्ट्याचा हिशेब बिघडला होता. मी आवाज चढवला. तिला म्हणालो, की एक वाफा उपाशी ठेवल्याशिवाय बाकीचे जेवले हे कळणार कसं? जांभळा कसा दिसतो ते शेजारी असल्याशिवाय हिरवा हिरवा आहे म्हणायचं कशावरून? सगळ्यांनाच वाढलंत तर कुठल्या वाढण्यानं काय झालं, ते कुणाला सांगता येणार?

तिनं शांतपणे ऐकलं. जांभळ्या वाफ्यांकडं बघितलं, या हिरव्याकडं बघितलं. तिला ते पटलं, हे मला तिच्या तोंडावर दिसलं.

“असं व्हय,” ती म्हणाली. “मग ह्ये आदी सांगायचं हुतं की. दोन वर्सं झाली, तुमी म्हणायचं हितं घाला, तितं घालू नगा. आमी घालायचं. का, ते कुनी सांगिटलंच न्हाई.”

मी तिला कामावर जायला सांगितलं.

पुढचे दोन तास मी काय काय विचार केले ते आठवलं की आजही लाज वाटते. वाफा उपटून टाकावा आणि गवे आले म्हणावं. पण गव्यांनी एकच वाफा नेमका चौकोनी खाल्ला, हे कोण मानणार? मग वाटलं, पाट्या बदलाव्यात. चौथ्याची पाटी काढून सहाव्यात रोवायची, सहाव्याची चौथ्यात. खरंच मी चौथ्याची पाटी हलवून मोकळी केली. तिच्या बुडाचा चिखल निसटतो न निसटतो तोच माळावरून जीप येताना दिसली. मी पाटी पुन्हा दाबून बसवली आणि शर्टाला हात पुसले.

माईणकर सर उंच, वाळके, कायम काळी छत्री बाळगणारे. त्यांच्यामागं गमबूट घातलेले दोन परीक्षक आणि सगळ्यात मागं केंद्राचे प्रक्षेत्र अधीक्षक तोडकर. रोजंदारीवर कुणी यायचं आणि कुणी नाही, ते तोडकर ठरवायचे.

पहिल्या पट्ट्यात सर खुलले. जांभळ्या वाफ्यापुढं उभं राहून त्यांनी पाहुण्यांना म्हटलं, स्फुरदाची कमतरता पुस्तकातल्या चित्रातही इतकी स्वच्छ दिसत नाही. शेजारच्या वाफ्यात निम्म्या खतावर मका कसा तरारलाय, ते छत्रीच्या टोकानं दाखवलं. दुसऱ्या पट्ट्यातही तेच. एक परीक्षक माझ्याकडं वळून म्हणाले, छान काम केलंय. मी हसलो असेन. माझं लक्ष पुढच्या पट्ट्याकडं होतं. हौसाक्का आणि बाकीच्या बायका त्याच पट्ट्यात पलीकडच्या अंगाला भांगलत होत्या.

तिसऱ्या पट्ट्याच्या चौथ्या वाफ्यापुढं सर थांबले. पाटी वाचली. मका पाहिला. पुन्हा पाटी वाचली. मग छत्री मिटून, धोतराचा सोगा सावरून ते उकिडवे बसले आणि त्यांनी एक पान दोन बोटांत धरून चोळलं, अगदी मी सकाळी चोळलं होतं तसंच.

“नलवडे,” ते वर न बघता म्हणाले, “पाटी चुकली आहे का?”

हो म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण सर वही मागणार, वहीत वाफ्यांचा नकाशा होता. मी नाही म्हणालो.

“मग?”

“मजुरांच्या हातून चूक झाली, सर. हौसाबाईंनी यात खत टाकलं. दया आली म्हणून. मला आज सकाळी कळलं.”

इथवर सगळं खरं होतं. सर उठून उभे राहिले.

“तू कुठं होतास?”

माझ्या डोळ्यांपुढं निपाणीचं ते दुकान आलं. आमच्या घरात पदवीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. वडील तालमीत पैलवानांना माझं नाव सांगत फिरायचे, अर्धवट कळलेलं शिक्षण मोठं करून सांगायचे. हे सगळं त्या एका क्षणात आठवलं, असं मी नंतर स्वतःला सांगत आलो. खरं तर काहीच आठवलं नव्हतं. तोंडातून शब्द आपोआप बाहेर पडले.

“इथंच, सर. बांधावर उभा होतो. माझा डोळा चुकवून टाकलं.”

भांगलणारे हात थांबले होते. दहा पावलांवरून पाची बायकांनी ते ऐकलं होतं. पाचींनाही ठाऊक होतं, की मी फाट्यावर भजी खात होतो. मी हौसाक्काकडं बघायचं टाळत होतो, आणि सर नेमके तिकडंच वळले.

“बाई, इकडं या,” ते म्हणाले. ते मजुरांशीही अहो-जाहो करायचे. “हे म्हणतात ते खरं का?”

ती उठली, लुगड्याचा चिखल झाडला आणि पुढं आली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. टोकणीच्या दिवशी दुपारी दोन वाजता जसं बघितलं होतं, तसंच.

“व्हय,” ती म्हणाली. “सायेब हितंच हुतं. मीच त्येंचा डोळा चुकवून टाकलं.”

तोडकरांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “हौसाबाई, उद्यापासनं यायचं न्हाई. आजचा रोज घेऊन जावा.”

तिनं मान हलवली. शेडपाशी गेली, खुरपं धुतलं, केंद्राचं होतं म्हणून तिथल्या दगडावर ठेवलं. भाकरीचं न सोडलेलं गाठोडं उचललं आणि पाऊलवाटेनं निघाली. माळ उघडा होता, त्यामुळं ती बराच वेळ दिसत राहिली. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. मला हायसं वाटलं होतं, आणि ते वाटल्याची लाज यायला संध्याकाळ व्हावी लागली.

पाहुणे जीपकडं गेल्यावर सर पुन्हा त्या वाफ्यात शिरले. त्यांनी मक्याचं एक ताट मुळासकट उपटलं, माती झटकली आणि पांढऱ्या मुळांच्या झुबक्याकडं बराच वेळ बघत राहिले. “किती टाकलं असेल तिनं?” ते म्हणाले. मी सांगितलं, चिमूट चिमूट. “चिमटीत एवढं येत नाही. काहीतरी वेगळं केलंय. पुढच्या वर्षी हा सातवा प्रकार धर. तिला विचारून घे, किती आणि कसं.” मग जाता जाता म्हणाले, “पुढचं वर्ष तुला देतोय. चूक तुझी नव्हती म्हणून.”

मी तिला विचारायला गेलो नाही.

पुढच्या जूनमध्ये अठरांचे एकवीस वाफे झाले. एकूणएक टोकण मी स्वतः केली, खिशात कोरडी भाकरी ठेवून. बायका सांगितलं तेवढं करत होत्या आणि माझ्याशी कामापलीकडं बोलत नव्हत्या. सातव्या प्रकारासाठी मी अंदाजानं बियाण्याशेजारी चिमटीचिमटीनं सुपर टाकलं. काही बी जळून गेलं, उरलेलं उगवलं ते पंचवीस दिवसांत जांभळं पडू लागलं. सर आले, सातव्या वाफ्यात उभे राहिले आणि म्हणाले, “बाईंना विचारलंस का?” मी नाही म्हणालो. “विचारून ये.”

म्हणून एका रविवारी ओढा ओलांडून तिच्या वाडीवर गेलो. वर्ष झालं होतं. दोनदा वाटेत बसलो.

ती अंगणात सूप घेऊन बसली होती. मला बघून उठली आणि पहिला प्रश्न केला, “जेवलासा काय?” मी जेवलोय म्हणालो. ते खोटं आहे, हे तिला कळलं असावं, कारण ती सुनेला हाक मारून भाकरी टाकायला सांगून आली. तिची बोटं मी तेव्हा बघितली. टोकं काळी पडून सोलली होती. गावाबाहेरच्या कारखान्यात काजू फोडायला जात होती. काजूच्या टरफलातलं तेल हाताला खातं, राख लावली तरी खातं. ती बोटं कुणामुळं काळी झाली, ते दोघांनाही माहीत होतं आणि ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही.

मी खतापासून सुरुवात केली. तेवढंच मला बोलता येत होतं. चिमटीचं सांगितलं, बी जळल्याचं सांगितलं. ती हसली.

“नुसतं सुपर घातलासा? नुसतं कोन वाढतंय व्हय? कालवून द्याय लागतंय. शेडामागचं जुनं श्येणखत चाळलं, मूठभर सुपरला पाटीभर घेतलं, पान्याचा हात लावला आनि कालवून, मग चिमूट. माती त्येला खाईत न्हाई मग, मूळ खातंय.”

दोन वर्षं मी जे पुस्तकांत शोधत होतो, ते तिनं सुपातले खडे वेचता वेचता सांगितलं. मी वही काढून लिहून घेतलं. लिहून झाल्यावर निघायचं म्हणून उठलो आणि घरामागं तिचा मका दिसला. आठ ओळींचा लहानसा तुकडा. सात ओळी काळ्याभोर हिरव्या, छातीला लागणाऱ्या. आठवी, अगदी कडेची, गुडघ्याएवढी, जांभळी, पानं आवळून घेतलेली.

मी म्हणालो, शेवटच्या ओळीला खत पुरलं नाही वाटतं.

“पुरलं न्हाई म्हणजे? डब्यात हाय अजून.” ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. “ती तुमची वळ.”

मला कळेना.

“तुमी म्हणला हुतासा न्हवं, येक उपाशी ठिवल्याबिगर बाकीच्यांचं कळत न्हाई. मला पटलं. म्हणलं, तुमचा येक पट्टा माज्या हातनं ग्येला, तवर हितं येक वळ ठिवू. कवा आलासा तर दिसंल.” तिनं ओळीवरून नजर काढली. “पर लई वंगाळ काम हाय, सायेब. रोज तिच्याम्होरनं जाताना मान खाली घालून जातो मी.”

मी एवढंच म्हणालो, की आता मी बघितली, आता हिला द्यायला हरकत नाही. आणि मग माझ्यातला शिकलेला माणूस उगाच पुढं बोलला, की तसा उपयोग नाही म्हणा. स्फुरद सुरुवातीलाच लागतं. वेळ गेल्यावर दिलं तर पीक सावरत नाही.

“उपेग न्हाई तर न्हाई,” ती म्हणाली. “पर वाढा.”

ती आतून डबा घेऊन आली. कालवलेलं खत होतं, काळं, ओलसर. ती खुरप्यानं प्रत्येक ताटाशेजारी चार बोटांवर खड्डा करत पुढं सरकत होती आणि मी मागून चिमूट चिमूट टाकून माती लोटत होतो. चाळीसेक ताटं असतील. गुडघे चिखलानं भरले.

त्यापुढचं आधी सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी मी माईणकर सरांकडं गेलो आणि पेरणीच्या दिवशी कुठं होतो ते सांगितलं. सर रागावून एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मला दुसऱ्या मार्गदर्शकांकडं पाठवलं आणि माझी पदवी आणखी एक वर्ष लांबली. तोडकरांना त्यांनी स्वतः पत्र लिहून हौसाक्काला परत बोलवायला सांगितलं. ती गेली नाही. तितं उपाशी ठिवायचं काम असतंय, मला जमायचं न्हाई, असा तिनं निरोप धाडला. माझ्या प्रबंधातल्या सातव्या प्रकाराला मी तिचं नाव दिलं होतं. समितीनं ते काढून तिथं आकडा घातला. आता सव्वीस वर्षं झाली. त्या भागातला निम्मा मका शेणखतात कालवलेल्या सुपरवर येतो आणि तिचं नाव तो पिकवणाऱ्या कुणालाही ठाऊक नाही.

पण त्या रविवारी मी त्या ओळीच्या शेवटच्या ताटापाशी आलो. चिमूट टाकली, माती लोटली आणि हात तसाच मातीवर राहिला.

“हौसाक्का,” मी म्हणालो, “त्या दिवशी मी बांधावर नव्हतो.”

तिनं खुरपं पदराला पुसलं.

“ठावं हाय की. मीच धाडलं हुतं तुमास्नी, जेवाय.” आणि घराकडं वळत म्हणाली, “हात धुवा. भाकरी निवाय लागलीया.”